डिंभ्याच्या जीपमधला पोर्तुगीज

माझे यजमान डिंभे ते मंचर जीप चालवायचे. सकाळी गावातून शिटा भरून निघायचं, घोडेगावात काही उतरायची, काही चढायची, मंचरला पोचल्यावर स्टँडच्या अलीकडे रांगेत नंबर लावायचा आणि पाळी आली की परत भरून डिंभ्याच्या धरणाकडे यायचं. यष्टी आहे, पण ती येईल तेव्हा येते, त्यामुळे जीपला माणसांची कमी कधी पडली नाही. मी मंचरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लग्न होऊन डिंगोऱ्याहून इकडे आले आणि नोकरी लागली, तेव्हापासून ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसूनच कामावर जात आले. मांडीवर डबा आणि हातात पुस्तक. गाडी खड्ड्यात गेली की ओळ चुकायची, मग ती पुन्हा शोधायची. पुस्तकं बरीचशी मी अशीच वाचली आहेत.

ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. रस्त्यात कोणी भेटलं आणि ह्यांचा विषय निघाला की जीपचा निघतो, आणि जीपचा निघाला की पोर्तुगीजाचा निघतोच. तो मोटारींच्या शर्यतीतला एक चालक. आमचा त्याच्याशी काही संबंध नाही, त्याने हा भाग नकाशातही पाहिला नसेल. पण काही वर्षं तो आमच्या जीपमध्ये रोज होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. हेही कधी घ्यायचे नाहीत. ते लांबलचक होतं आणि ह्यांच्या जिभेला वळत नव्हतं. पोर्तुगीज म्हटलं की मागच्या बाकावरच्या बायकांनाही कळायचं.

सुरुवात झाली ती साथीच्या काळात. जीप दारात उभी होती, तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या होत्या. सगळा जन्म चाकावर गेलेला माणूस घरात बसला की काय करणार. हे फोन बघत बसायचे. आधी ट्रक दुरुस्तीचे व्हिडिओ, मग डोंगरातल्या रस्त्यांवरचे, मग मोटारींच्या शर्यतींचे. एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना मला हाक मारून म्हणाले, "मॅडम, हे बघा जरा." गावातले सगळे मला मॅडम म्हणतात म्हणून हेही म्हणायचे, अर्धं चेष्टेने. फोनवर एक गाडी थांबली होती. आतला माणूस उतरला, दुसरा आत बसला, आणि उतरलेल्याने वाकून बसणाऱ्याचे पट्टे आवळून दिले. मग गाडी सुसाट निघून गेली आणि उतरलेला हेल्मेट काढून भिंतीला टेकून उभा राहिला. घामाने चिंब. वय झालेलं, कानाजवळ केस पांढरे.

"चालू शर्यतीत गाडी दुसऱ्याला दिली ह्याने," हे म्हणाले. "असंही असतंय."

तो पोर्तुगीज. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकच गाडी तिघं आळीपाळीने चालवतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ह्यांनी त्याचं जे काही मिळेल ते पाहिलं. इंग्रजी ह्यांना फारसं येत नसे, म्हणून बातम्या वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला शर्यतींचं काही कळत नव्हतं आणि ह्यांना शब्द कळत नव्हते. दोघांचं मिळून एक वाक्य व्हायचं.

जीप पुन्हा सुरू झाली तेव्हा ह्यांच्याकडे सांगण्यासारखी एक पूर्ण गोष्ट जमा झालेली होती. ती मंचर येईपर्यंत पुरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुढची. पोर्तुगीजाचा बाप गॅरेजवाला. त्याने पोराला भंगारातून एक बुटकी, जमिनीला चिकटलेली गाडी बनवून दिली आणि पोरगं त्यात बसून मोठ्यांच्या पोरांना हरवायला लागलं. मिसरूड फुटायच्या आत घर सोडून परक्या देशात गेला. भाषा येत नव्हती, मेकॅनिकला हातवारे करून सांगायचा की मागचं चाक घसरतंय. हे तो प्रसंग स्टिअरिंगवरचा एक हात काढून करून दाखवायचे आणि मी म्हणायची, "अहो, समोर."

मग तो सगळ्यात वरच्या शर्यतींच्या दारापर्यंत गेला. तिथल्या एका संघाने त्याला गाडीची चाचणी घ्यायला ठेवून घेतलं. आठवडाभर तो गाडी पळवायचा, तिच्यात काय कमी आहे ते सांगायचा, आणि रविवारी शर्यतीत दुसराच बसायचा.

"म्हंजी नांगरट यानं करायची आन पीक दुसऱ्यानं न्यायचं," मागून एक पेंटर म्हणाला. तो मंचरला रंगकामाला रोज आमच्याच जीपने यायचा.

"तसंच की."

"मंग भांडला न्हाई?"

"भांडून काय व्हतंय? दुसऱ्या शर्यती धरल्या त्यानं."

त्या वरच्या शर्यतीत त्याला कधीच जागा मिळाली नाही. पुढची कितीतरी वर्षं तो मिळेल त्या संघात, मिळेल त्या गाडीत बसला. कुठे संघच बुडाला, कुठे गाडी इतकी मंद की त्याने कितीही चांगली चालवली तरी तो मागेच. एकदा मनगट मोडलं. एक हंगाम तर नुसताच घरी बसून काढला. आणि मग उतारवयाकडे झुकल्यावर त्याला ह्या लांबच्या शर्यती सापडल्या, जिथे वेगापेक्षा गाडी सांभाळून शेवटपर्यंत न्यायला महत्त्व आहे. तिथे तो जिंकू लागला. ह्यांना हा भाग सगळ्यात आवडायचा. हा भाग आला की जीप आपोआप हळू व्हायची.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते, हे आबा म्हणायचे. त्यांना मात्र हे सगळं पटायचं नाही. मामांचा जन्म घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढणीवर गेलेला. आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यात कोणी बसत नाही. बैल जुंपून सोडून देतात, पुढे घोडी पळते, तिच्यामागे बैल चढण चढत सुटतात आणि गाडा रिकामाच उडत जातो. गुलाल पडतो तो बैलांवर. मालकाला लोक ओळखतात ते बैलाच्या नावाने. त्यामुळे मामा खाटेवर बसून फोनमध्ये डोकावले की पहिला प्रश्न ठरलेला.

"गाडीत मानूस कशाला बसवत्यात? नुसतं वजान."

"आबा, बैल न्हाईत तिथं. मानूस नसला तर पळल कोन?"

"आन जिंकल्यावर गुलाल कुनाला? गाडीला का मानसाला?"

"गुलाल नसतो. दारू उडवत्यात येकमेकांच्या अंगावर."

"पीत न्हाईत?"

"थोडी पित्यात."

"नासाडी," म्हणून मामा आडवे व्हायचे. पण तिघं मिळून एक गाडी चालवतात हे कळल्यावर ते जरा वळले. आमच्याकडेही एकाच्या घरचे चारही बैल तेवढ्या ताकदीचे नसतात. मग दुसऱ्या गावच्या मालकाची जोडी मागायची आणि चौघांना एका गाड्याला जुंपायचं. दोन घरांचे बैल एकमेकांना जमवून घेतात का, ह्यावर सगळं असतं. मामा म्हणाले, "हां, मंग बराबर हाये. जमलं पायजे." त्यानंतर ते पोर्तुगीजाच्या जोडीदारांची चौकशी करायचे. हा नवा पोरगा सांभाळून घेतो का त्याला, असं.

ह्यांच्या डोळ्यांचं आम्हाला कळलं ते चष्म्याच्या निमित्ताने. मंचरच्या डॉक्टरांनी नंबर काढता काढता मध्येच थांबून पुण्याला जायला सांगितलं. तिथे एका मशीनच्या आत तोंड घालून बसवतात, पांढऱ्या भिंतीवर कुठे कुठे बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. हे बाहेर आले ते खुशीत होते. मला म्हणाले, "अंदाज आला की दाबत होतो. एक लय असते त्याला." डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी कागद बघितला आणि शांतपणे सांगितलं की दिवा लागलेला नसतानाही तुम्ही बटण दाबलंय, मशीनला ते कळतं. परत बसवलं. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांना. समोरचं स्वच्छ दिसणार, पण कडेची नजर आत आत सरकत आलेली. गेलेली परत येत नाही. थेंबांनी उरलेली टिकेल.

"काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर हाये."

त्यांनी कागद मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "ते थांबवावं लागेल हं काका."

परत येताना गाडी आमच्या मुलीने चालवली. ती पुण्यात नोकरीला आहे, आम्हाला सोडायला आली होती. हे शेजारी बसले होते आणि दर वळणावर पाय दाबत होते, जिथे ब्रेक नव्हता तिथे. मुलगी म्हणाली, बाबा, आता बास करायचं. चाकणची गर्दी संपल्यावर हे म्हणाले, "पोर्तुगीज माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान आहे. त्याचंही आता संपत आलंय. तो थांबला की मी थांबतो. शब्द."

"हे काय बोलणं झालं?" मुलगी म्हणाली.

मी मात्र काही बोलले नाही. कारण त्याच आठवड्यात मी वाचलं होतं की त्याच्या संघाने त्याला सोडलं आहे आणि बहुधा तो निवृत्त होणार. मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे. भांडून जे होणार नाही ते त्या माणसाकडून आपोआप होईल.

महिन्याभराने त्याला दुसऱ्या संघाने घेतलं.

त्यानंतर मी त्याच्या बातम्या रोज बघू लागले. कॉलेजात पेपर लावून झाले, मुलांची देवघेव उरकली की ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव टाकायची. कोणाला सांगून पटणार नाही, पण एखाद्या अनोळखी माणसाने घरी बसावं म्हणून मी इतक्या मनापासून कधीच काही मागितलं नव्हतं. त्याची गाडी बंद पडली, तो मागे राहिला, जोडीदार त्याच्यापेक्षा वेगवान निघाला, की मला बरं वाटायचं. आणि संध्याकाळी ह्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना हेच सगळं मला ह्यांना सांगावं लागायचं. हे मान मागे टाकून, डोळे मिटून ऐकायचे. "वाईट झालं," म्हणायचे. "पण पुढच्या वेळी काढील तो."

जीपमध्ये मी पुस्तक उघडणं बंद केलं. ह्यांना डावीकडचं दिसत नव्हतं आणि मी डावीकडे बसत होते. साईडपट्टीवरून चालणारी माणसं, सायकली, शेताच्या बांधावरून एकदम रस्त्यावर येणारी गुरं. मी हळूच सांगायची, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं. हे मान न वळवता गाडी थोडी बाहेर काढायचे. उजवीकडे मात्र ह्यांना पूर्ण मान वळवून बघावं लागे, बगळ्यासारखं. मागचे समजायचे, भाऊ आज शेतं बघतायत. आमच्या दोघांचं काही ठरलेलं नव्हतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललोही नाही.

मेंढरांचा प्रसंग घडला तो मार्गशीर्षात. लांबून आलेले कळप तेव्हा रिकाम्या रानांत बसलेले असतात. आम्ही घोडेगावच्या अलीकडे होतो. डावीकडे एक मुलगी सायकलवरून शाळेला चालली होती आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. उजवीकडच्या वावरातून कळप रस्त्यावर उतरला तो मला दिसला नाही आणि ह्यांनाही नाही. मागून पेंटर ओरडला, "भाऊ, भाऊ, मेंढरं." ह्यांनी ब्रेक दाबला. सगळे पुढे आपटले. एका मेंढीला बंपर लागलं असावं, ती अडखळली आणि पुन्हा कळपात मिसळली. मग सगळा कळप गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला. पत्र्याला अंग घासल्याचा आवाज येत होता.

मागून मेंढरांची मालकीण आली. उंच, खांद्यावर काठी. ह्यांच्या खिडकीशी उभी राहिली.

"ए भाऊ, डोळं फुटलं का? येवढा कळप दिसत न्हाई व्हय?"

"न्हाई दिसत, मावशी," हे म्हणाले. "समोरचं दिसतंय. कडंचं न्हाई दिसत."

असं कोणी खरं उत्तर देईल ह्याची तिला अपेक्षा नव्हती. तिने ह्यांच्याकडे नीट बघितलं. "मंग चालवतो कशाला?" असं तिने विचारलं, पण आता ती रागात नव्हती. ती मेंढरांमागे निघून गेली.

जीपमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. बारा-तेरा माणसं होती. मला वाटलं, आता झालं. आता कोणी ह्यांच्या गाडीत बसणार नाही आणि मला काही सांगावं लागणार नाही. पोर्तुगीजाचीही गरज नाही.

दुसऱ्या दिवशी जीप रोजच्यासारखी भरली. माणसं उलट लवकर आली होती. आमच्याकडे मेथीवाल्या एक आजी आहेत, मळ्यातल्या जुड्या घेऊन मंचरच्या बाजाराला जातात. त्या एरवी मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसायच्या. त्या दिवशी ह्यांच्या बरोबर मागे येऊन बसल्या, खिडकीशी.

"सोड गाडी. हिकडची बाजू मी बघते. तशी बसून काय करते मी?"

"आजी, तुमाला तरी दिसतंय का?" पेंटरने विचारलं.

"तुज्यापरीस बरं दिसतंय. मोतीबिंदू काढलाय माजा. तू मागचं बघ."

आणि सुरू झालं. भाऊ, उजवीकडनं फटफटी. भाऊ, म्हस हाये, तिला जाऊ द्या. भाऊ, ट्रॅक्टर येतोय, उसाचा न्हाई, मोकळा हाये. भाऊ, तुमचं पावणं हुबं हायेत, बघू नका, थांबावं लागंल. सगळी हसत होती. हेही हसत होते. पेंटरने तर त्याला शर्यतीचा आधारच काढला. "पोर्तुगीजाच्या कानात सांगनारा मानूस असतो ना, मागनं कोन येतंय, फुडं काय झालंय? भाऊनीच सांगितलेलं. आमी त्येच करतोय. फकस्त त्याला येक असतो, भाऊला धा-बारा."

मला त्यांचा राग करता येईना. एवढी माया मी कुठे पाहिली नाही. ह्यांची जीप बंद पडू नये, ह्यांना घरी बसायला लागू नये, म्हणून माणसं आपला जीव त्या गाडीत आणून ठेवत होती, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. शेजारच्या नव्या गाड्या सोडून ह्यांच्या नंबरासाठी थांबत होती. आता हे थांबायचे तर एकट्यापुरतं थांबणं राहिलं नव्हतं, एवढ्या सगळ्यांचं मन मोडायचं होतं. ह्यांचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असे. आणि माझी नजर साईडपट्टीवरून हलत नसे.

एकदा पेंटर कुठल्याशा बंगल्याच्या रंगाची गोष्ट सांगत होता आणि सगळे ऐकण्यात गुंगले. उजवीकडून एक दुचाकी आली. ह्यांनी गाडी तिकडेच वळवली. दुचाकीवाला रस्ता सोडून मुरमात उतरला, पाय टेकून सावरला आणि तसाच पुढे गेला. त्याच्या पुढ्यात टाकीवर एक लहान मूल होतं. गाडीत कोणालाच काही कळलं नाही. गोष्ट चालूच राहिली.

घरी आल्यावर मी ह्यांना ते सांगितलं, आवाज न चढवता. मूल होतं हेही सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "पोर्तुगीजाचं काय म्हणतायत?"

"अजून कळलं नाही. ह्या महिन्यात ठरेल."

खरंच त्याच महिन्यात ठरणार होतं. त्याचा करार संपला होता. एका मुलाखतीत तो म्हणाला होता की घरी जायला आवडेल, बापाचं गॅरेज अजून आहे. हे वाचून मी ग्रंथालयात एकटीच उठून उभी राहिले होते.

बातमी आली ती एका मंगळवारी दुपारी. संघाने त्याचा फोटो टाकला होता, नव्या रंगाच्या कपड्यांत, हसताना. तो पुढच्या हंगामातही चालवणार होता. मी ती दोनदा वाचली, शब्द चुकीचा तर लावत नाही ना म्हणून. मग कॉम्प्युटर बंद केला आणि रजिस्टरं लावत बसले.

संध्याकाळी थेंब घालताना ह्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. "राहिला तो. आणखी एक हंगाम."

ह्यांचे डोळे मिटलेले होते, कडेने थेंब ओघळत होता. ह्यांना मनापासून आनंद झाला. "राहिला ना? मी म्हणत होतो. अजून दम आहे त्याच्यात." मग उठून मामांना सांगायला गेले. मामा म्हणाले, जोडीदार कोण आहेत ते विचारून घे. मी स्वयंपाकघरात गेले. त्या रात्री मी जेवले की नाही ते मला आठवत नाही.

सकाळी बाजाराचा दिवस होता. जीप ठासून भरली. टपावर मेथीची गाठोडी, दोन कोंबड्यांच्या पाट्या. आजी आपल्या जागी बसल्या, पेंटर मागच्या दाराला. हे बसले, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. समोरच्या आरशात ह्यांनी मागे पाहिलं. आरसा समोर असतो, तेवढं ह्यांना नीट दिसायचं. सगळे चेहरे दिसत असणार.

"मी बसले. सोड," आजी म्हणाल्या.

ह्यांनी इंजिन बंद केलं. "उतरा सगळी."

"का? पंक्चर हाये?"

"गाडी बरी हाये. मी न्हाई. आता न्हाई चालवायची मला."

कोणी उतरलं नाही. पेंटर म्हणाला, "आरं भाऊ, पन आमी हावोत की. आन पोर्तुगीज तर ऱ्हायला म्हनं. कालच आबा सांगत व्हते."

"त्याच्या गाडीत तो येकटा असतो," हे म्हणाले. "ठोकली तर त्याची त्याला. माज्या गाडीत तुमी बसता."

एकेकजण उतरला. आजी शेवटी उतरल्या आणि उतरताना बोलतच होत्या. "मंग काल सांगायचं व्हतं. माज्या मेथीचं काय? यष्टी कवा येती ती? सुकून चारा व्हईल तिचा. मोठा आला थांबनारा." ह्यांनी टपावर चढून गाठोडी स्वतः उतरवली, शाळेच्या भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली आणि घरातून बादली आणून गोणपाटावर पाणी शिंपडलं. आजी बघत होत्या, पण गप्प काही बसल्या नाहीत.

यष्टी उशिरा आली आणि आधीच भरलेली होती. त्या दिवशी हेही माझ्याबरोबर मंचरला आले, स्टँडवरच्या लोकांना सांगायला. आम्ही दोघं पहिल्यांदाच एकत्र यष्टीने चाललो होतो, दांड्याला धरून, उभे.

मी विचारलं, "तो थांबला की थांबणार होतात ना?"

"त्याला कुठे माहीत होतं, मी त्याच्यावर सोडलंय ते," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दुचाकीवरचं मूल केवढं होतं?"

मी हाताने दाखवलं. ह्यांनी मान हलवली.

जीप पलीकडच्या गावातल्या एका चालकाला दिली. हे शेतात रमले असं मी म्हणणार नाही, पण शेतात जाऊ लागले. बांधाच्या कडेने पाय चाचपत चालायचे. रविवारी संध्याकाळी मामा आणि हे खाटेवर फोन मध्ये धरून शर्यत बघायचे. पोर्तुगीजाचा तो हंगाम बरा गेला, त्याच्या पुढचाही बरा गेला. मी आता त्याचं वाईट चिंतत नव्हते. एकदा तो तिसरा आला तेव्हा मला ह्यांच्याआधी हसू आलं आणि हे माझ्याकडे पूर्ण मान वळवून बघत राहिले.

हे गेले ते हृदयाच्या झटक्याने, भर दुपारी, कांद्याच्या वाफ्यात. मामा जवळ होते. फार त्रास झाला नाही, असं ते सांगतात.

दहाव्याला नदीवर बरीच माणसं आली होती. घोडेगावची, मंचरची, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत. सगळी जीपमधली. मेथीवाल्या आजी बायकांमधून वाट काढत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला कळवलं का?"

"कोणाला, आजी?"

"त्या पोर्तुगीजाला. येवढ्या वर्सांची वळख. त्याला दुसरीकडनं कळलं तर काय म्हनंल तो?"

मी सांगायला तोंड उघडलं की आजी, त्याला आपण माहीत नाही. पण ते मला म्हणता आलं नाही.

"नाही कळवलं," मी म्हणाले.

"मंग कळवा. तुमाला येती न्हवं त्याची भाषा." मग त्यांना काही आठवलं. "थांबला का तो?"

"नाही. अजून चालवतोय."

आजींनी विचार केला. पदर डोक्यावर नीट घेतला. "चालवू द्या. पन त्याला सांगा, आमचा भाऊ येळेवर उतरला. आन आमालाबी उतरवलं. मी लई बोलले व्हते तवा त्याला, मेथीपायी. त्ये नका सांगू."

"बरं," मी म्हणाले.